तुरीत उगवलेले अण्णा

दिवाळी होऊन गेली तरी भिवराबाईच्या तुरीला फूल नव्हतं.

वाढली मात्र होती बघण्यासारखी. उभा माणूस आत शिरला तर दिसू नये इतकी उंच, हिरवीगार, पानांनी गच्च भरलेली. सडकेनं जाणारे गाडी थांबवून म्हणत, "म्हातारे, काय तूर हाय गं तुझी!" ते ऐकलं की भिवराबाई तोंड फिरवून घेई. कार्तिकात तूर पिवळी दिसायला हवी. कार्तिकात नुसती हिरवी दिसणारी तूर म्हणजे जळण, दुसरं काही नाही.

साठ वर्षांमागं ती पालीहून या गावात नांदायला आली, तेव्हा आईनं ओटीत नारळाबरोबर शेरभर तुरीचं बी घातलं होतं. पांढरी, बारीक दाण्याची तूर. डाळ शिजली की शेजारच्या घरात वास जायचा. माहेरची जमीन भावांनी पुढं विकली, गावोगाव पिशवीतलं बियाणं आलं, आणि ती तूर सगळ्या मुलखातून हळूहळू नाहीशी झाली. राहिली ती एकट्या भिवराबाईकडे. दर साली ती निम्मं बी पेरायची आणि निम्मं राखेत घोळून मडक्यात ठेवायची. यंदा पेरणीआधी सून शिवकन्येनं घर आवरताना ते सगळं बी प्लास्टिकच्या डब्यात भरलं. डब्याला ओल धरली, बियाला भुंगा लागला. चाळून-निवडून जेवढे धड दाणे निघाले, तेवढे भिवराबाईनं सडकेकडच्या अर्ध्या एकरात टोकले. मागं एक दाणा उरला नाही. आता जे काही होतं ते त्या शेतात उभं होतं. तिथं शेंग धरली नाही तर आईनं दिलेलं बी तिच्या हातून संपणार होतं.

ती देठ चाचपायची, पानं उलटून बघायची. रोग नव्हता, अळी नव्हती. शेजारच्या आदिनाथच्या सोयाबीनचे सडकेकडच्या चार ओळी अशाच शेवटपर्यंत हिरव्या राहिल्या होत्या. त्यानं बियाणं विकणाऱ्याच्या नावानं बोटं मोडली आणि विषय सोडून दिला. भिवराबाईला सोडून देणं परवडणारं नव्हतं.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या सांजेला ती तुरीत आत, अगदी मधोमध गेली आणि थबकली. समोर झाडं पिवळ्या फुलांनी लगडलेली. माश्या गुणगुणत होत्या. तिला आधी वाटलं, डोळ्यांना भास होतोय. तिनं फूल हातात घेतलं. खरं होतं. दहा पावलं डावीकडे गेली तर पुन्हा नुसता पाला. उजवीकडे गेली तरी तेच. जणू कुणी खडूनं रेघ ओढली होती. रेघेच्या आत फूल, बाहेर काही नाही.

ती तशीच उभी असताना सडकेपलीकडचे दिवे लागले.

हे दिवे श्रावणात आले होते. चार-पाच वर्षांमागं गावाला नगरपंचायत मिळाली आणि सुंदरराव पहिला नगराध्यक्ष झाला. गाव आता शहरासारखं दिसलं पाहिजे, असं त्याच्या मनानं घेतलं. वेशीजवळ त्यानं मोठी कमान बांधली. कमानीशेजारी, अगदी भिवराबाईच्या बांधाला लागून, आपल्या वडिलांचा पुतळा बसवला. फेटा बांधलेले, उजवा हात उंच केलेले बंकटअण्णा. पुतळ्याचं तोंड सडकेकडे, पाठ तुरीकडे. सडकेपलीकडे उंच खांबावर आठ दिवे, सगळे अण्णांच्या तोंडावर रोखलेले, दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत. त्या उजेडानं भिवराबाईच्या कोंबड्या भलत्या वेळी आरवू लागल्या होत्या, आणि संकष्टीचा चंद्र बघायला तिला गावाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागत होतं. ज्या माणसासाठी हे सगळं चाललं होतं त्याला ती चांगली ओळखत होती. जिता असताना बंकटअण्णा दुसऱ्याच्या ओसरीवरचा कंदीलसुद्धा फुंकून विझवायचे. "कावून तेल जाळायलात? झोपा की," म्हणायचे आणि काळोखात काठी आपटत पुढं जायचे.

दिवे लागले आणि भिवराबाईच्या लुगड्याचा एक काठ पांढरा झाला. ती एक पाऊल मागं सरली, तशी पुन्हा अंधारात आली. तिनं मान वर केली. तिच्या आणि दिव्यांच्या मध्ये अण्णांची काळी पाठ होती. फूल आलं होतं ते फक्त त्यांच्या सावलीत.

माय सांगायची ते तिला आठवलं. रात्र मोठी व्हायला लागली की तुरीला कळतं, मग ती फुलते. इथं चार महिने रात्रच झाली नव्हती. तुरीला कळणार कुठून?

दुसऱ्या दिवशी ती नगरपंचायतीत गेली. सुंदररावाच्या खोलीत पाच-सहा माणसं चहा पीत बसली होती.

"सुंदर, कमानीपाशी ते दिवे विझव."

बशा वाजायच्या थांबल्या.

"या काकू, बसा. च्या घ्या."

"च्या न्हाई पाहिजे. दोन महिने रात्रीचे दिवे बंद ठेव. माझ्या तुरीला फूल येईना त्या उजेडानं."

"उजेडानं?" सुंदररावानं सगळ्यांकडे बघितलं. "आवो, तुमच्या तुरीला रातंदिस ऊन मिळायलंय फुकटात. दुप्पट पिकंल की!"

खोली हसली.

"मग तू ऱ्हा उभा चोवीस तास उन्हात," भिवराबाई म्हणाली. "बघू दे गावाला, किती पिकतूस ते."

एकाला चहाचा ठसका लागला. सुंदररावाचं हसू उतरलं.

"काकू, लोक दिवे लावा म्हणून मोर्चे काढतेत. अंधार पाहिजे म्हणून आलेल्या तुमी पैल्याच. गावाची शोभा हाय ती. आमच्या अण्णांची याद हाय. अन् तुमच्या नाथाला पाण्याच्या टाकीवर कुणी लावलं? घरी जाऊन त्याला इचारा, दिवे विझवू का म्हणून. त्यो हो म्हणला तर मी सोता बटन दाबतो."

तिचा मुलगा नाथा हे ऐकून संध्याकाळी घरी आला तो चप्पल न काढताच ओरडला, "माय, तू कावून गेलतीस तिथं? सगळ्यांसमोर मला म्हणले, तुझ्या आईला अंधार लागतो म्हणं! काय तोंड दाखवू मी?"

"मला न्हाई, तुरीला लागतो."

"तूर, तूर! बाजारात मिळंना का तूर? पोतंभर आणून देतो!"

"ती तूर न्हाई ती."

"तूर तूरच आसती!"

शिवकन्या चुलीपाशी बसून भाकरी थापत होती.  डब्याची गोष्ट घरात कुणी काढत नसे, पण शिवकन्या ती विसरली नव्हती.

दोन दिवसांनी लग्नाची वरात कमानीखालून गेली. लग्नाचं शूटिंग करणारा बिभीषण आपलं ड्रोन उडवत होता. वरातीचं करता करता त्याची नजर पडद्यावर पडली आणि त्यानं नवरदेवाला तिथंच सोडून दिलं. हिरव्या तुरीत पिवळा माणूस झोपला होता. फेटा, खांदे, उंच केलेला उजवा हात, सगळं जसंच्या तसं.

रात्रीतून ते चित्र गावातल्या प्रत्येक फोनवर गेलं. सकाळी बांधावर शंभर माणूस उभं होतं. "अण्णा परकट झाले," असं जो तो म्हणत होता. पुरुष कमानीच्या शिडीवरून चढून बघत होते. बायका हळदकुंकू घेऊन थेट तुरीत शिरल्या. सगळ्यात पुढं कडूबाई, भिवराबाईच्याच वयाची, एका विहिरीवर पाणी भरलेली. तिनं फुलांची फांदीच मोडून पदरात घेतली.

"ठेव ती खाली!" भिवराबाई धावली. "कडे, शेंग धरायच्या आधी फूल तोडायलीस व्हय? तुला काय तूर ठावं न्हाई?"

"परसाद हाय अण्णांचा."

"माझं बी हाय ते!"

"देवाचं काय अन् तुझं काय, मेले? तुझ्या रानात आले हे तुझं नशीब. पाया पड आधी!"

"जिता व्हता तवा तूच म्हणायचीस का न्हाई, बंकट्या मुडदा बांध कोरतो म्हणून? आता पाया पडायलीस?"

कडूबाईनं आजूबाजूला बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. मग दुसरी फांदी मोडली, मुद्दाम.

दुपारी सुंदरराव आला. बांधावर उभा राहून त्यानं हात जोडले, डोळे पुसले, आणि बिभीषणनं ते टिपलं. रोज सांजेला इथं आरती होईल असं त्यानं जाहीर केलं. लोकांना दर्शन नीट व्हावं म्हणून शेताच्या चारी कोपऱ्यांवर खांब रोवून दिवे लावायला सांगितलं. निवडणूक तीन महिन्यांवर होती.

गर्दी पांगल्यावर भिवराबाईनं त्याला बांधावर गाठलं.

"सुंदर, ती सावली हाय. तुझ्या बापाच्या पुतळ्याची सावली. जितका उजेड आडला तितकंच फूल आलं. तू हितं दिवे लावलेस तर हे पण फूल गळून जाईल. एक शेंग लागणार न्हाई."

सुंदररावानं पुतळ्याकडे पाहिलं, मग पलीकडच्या दिव्यांकडे, मग तुरीकडे. तो शेतकऱ्याच्या पोटचा होता. त्याला समजायला वेळ लागला नाही. तो जवळ आला आणि हळू बोलला.

"कळलं मला. पण हे पुन्यांदा तोंडातून काढू नका, काकू. नाथाची लेकरं बारकी हायेत."

एवढं बोलून तो गाडीत बसून निघून गेला. भिवराबाईनं आयुष्यात बरीच माणसं बघितली होती. न कळणाऱ्या माणसाचा तिला कधी राग येत नसे. कळूनही असं बोलणाऱ्याचा तिला त्या दिवशी इतका राग आला की बांधावरचं गवत ती मुठीमुठीनं उपटत बसली.

खांब आले, दिवे लागले. पहिल्या आरतीला ढोल वाजले. चौथ्या दिवशी सकाळी ती आत गेली तेव्हा जमिनीवर पिवळा सडा पडला होता. काही फुलं लोकांनी तोडलेली, काही आपोआप गळलेली. काही झाडांना नखाएवढ्या शेंगा धरल्या होत्या. त्या वाचल्या तर बी वाचणार होतं. त्या वाचायच्या तर उजेड आणि माणसं दोन्ही गेली पाहिजेत. उजेड सुंदररावाच्या हातात होता. माणसं येत होती ती अण्णा बघायला. भिवराबाई फुलांच्या रेघेवरून एक वेढा चालली, पायानं मापं घेत. फेट्याचा भाग शेताच्या आतल्या टोकाला होता, रुंद आणि भरगच्च, सगळ्यात चांगलं फूल तिथंच होतं. उंच केलेला हात एका अंगाला. बाकी धड पुतळ्यापासून सरळ पसरलेलं, जास्त झाडं त्यातच.

भर दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, ती कोयता घेऊन आली.

पहिल्यांदा तिनं फेटा तोडला. फुलांनी वाकलेली झाडं, हातात धरली की माश्या उठायच्या. लेकराचे केस कापावेत तशी ती एकेक मूठ धरून कापत गेली आणि दात खाऊन सुंदररावाला शिव्या देत गेली, अशा शिव्या की ज्या तिनं नवऱ्यालाही कधी दिल्या नव्हत्या. फेट्यानंतर तोंड. मग हात, मनगटापासून खांद्यापर्यंत. चौथाई फूल तिनं आपल्या हातानं आडवं केलं.

मागं सळसळ झाली. शिवकन्या उभी होती.

"आत्याबाई! काय करायलात हे?"

"दिसंना का? तोडायले."

 शिवकन्येनं लुगड्याचा ओचा खोचला, तोडलेली झाडं कवेत घेतली आणि बांधाकडे ओढत नेऊ लागली. जाता जाता एवढंच म्हणाली, "तुमचे लेक मला हात लावू नको म्हणतील, तरी बी मी लावणार."

लोक आले तेव्हा काम झालं होतं. आधी कुणाला काही उमगलं नाही. मग बिभीषणचं ड्रोन वर गेलं आणि पडद्याभोवती डोकी जमली. पडद्यावर अण्णा नव्हते. डोकं नाही, हात नाही, वर अरुंद आणि खाली फुगलेला एक पिवळा गोळा.

"अगं सटवे!" कडूबाई किंचाळली. "मुंडकं उडवलंस देवाचं!"

"तुझ्या तोंडात माती पडो!" दुसरी कुणी ओरडली. एक ढेकूळ आलं, भिवराबाईच्या खांद्याला लागलं. तिनं कोयता खाली ठेवला नाही.

सुंदरराव गाडीतून उतरला तेव्हा त्याचा चेहरा काळानिळा झाला होता. "आमच्या बापाचं डोकं तोडलंस! म्हातारी म्हणून सोडणार न्हाई मी!"

"तुझ्या बापाला बोटबी लावलं न्हाई," भिवराबाई म्हणाली. "त्यो तिथं उभा हाय, जसाच्या तसा. मी माझी तूर तोडली."

तेवढ्यात पडद्याभोवतीच्या गर्दीतून कुणीतरी हळूच म्हणालं, "वांगं दिसायलंय बे."

कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरा. बायकांनी पदर तोंडाला लावले. सुंदररावानं मागं वळून बघितलं, पण हसणारा कोण ते त्याला सापडलं नाही. सापडलं असतं तरी आता उपयोग नव्हता.

फौजदार पुतळ्याच्या विटंबनेची तक्रार घेऊन आला. तरुण होता, वैतागलेला होता.

"पुतळ्याला धक्का लावला?"

"न्हाई."

"मग काय तोडलं?"

"तूर."

"कुणाची?"

"माझी."

त्यानं पुतळा बघितला, तूर बघितली, आणि पेन खिशाला लावलं. "साहेब," तो सुंदररावाला म्हणाला, "कागदावर मी तुरीची विटंबना लिहू का?"

पण खरं काम केलं ते वांग्यानं. विरोधी गटाच्या पोरांना ते चित्र म्हणजे आयतं घबाडच. रोज सांजेला ती येत, दिव्यांच्या झगमगाटात फोटो काढत, खाली काहीबाही लिहून गावभर पाठवत. लोक कमानीखालून जाताना अण्णांकडे बघण्याऐवजी मागच्या तुरीकडे बघून हसत. पाचव्या दिवशी सुंदररावानं शेतातले खांब उपटून नेले. आठव्या दिवशी पुतळ्यावरचे दिवेही बंद झाले. दुरुस्ती चालू आहे, अशी पाटी लागली.

त्या रात्री चार महिन्यांनी पहिल्यांदा भिवराबाईच्या दारात अंधार आला. तिला त्याचा आनंद घेता आला नाही. त्याच दिवशी नाथाला टाकीवरून कमी केलं होतं, आणि तो बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्यानंतर तो आईशी बोललाच नाही. जे सांगायचं ते शिवकन्येला सांगे. "तिला म्हणावं, जेव." "तिला म्हणावं, माझ्या वाटंला जाऊ नको."

पौषात शेंगा भरल्या. बाकीच्या शेतालाही उशिरा का होईना फूल आलं, पण थंडीत त्याची शेंग पोचटच निघाली. धडाच्या भागातलं पीक मात्र पक्कं होतं. कापणीला कुणी आलं नाही. ज्या बायकांच्या शेतात भिवराबाईनं चाळीस वर्षं इर्जिकीला, बिनमजुरीच्या मदतीला, जाऊन कामं उरकली होती, त्या बांधावरून तोंड फिरवून गेल्या. सासू-सुनेनं दोघींनीच कापलं, वाळवलं, काठीनं झोडपलं. पाखडून झाल्यावर सुपात पांढरं, बारीक, गोल बी राहिलं. दोन शेर भरलं.

कडूबाई दारात आली, तोंड वाकडं करून.

"मूठभर दे. अण्णांच्या रानातलं हाय, देव्हाऱ्यात ठेवते."

"माझ्या रानातलं हाय."

"मग तुझ्या रानातलं दे."

"तुझा वाटा तू फुलातच खाल्लास, कडे. या गावाला एक दाणा न्हाई."

कडूबाई शिव्या घालत निघून गेली. निवडणूक सुंदररावानंच जिंकली, थोडक्यात. निकालाच्या सांजेला दुरुस्ती संपली आणि आठही दिवे पुन्हा लागले, आता पूर्वीपेक्षा पांढरे.

भिवराबाईनं दुसऱ्या दिवशी बी फडक्यात बांधलं. सिरसाळ्याला तिची लेक संगीता दिलेली होती. नाथानं गाडीवर सोडायला नकार दिला, तर ती सडकेवर जाऊन उभी राहिली आणि मिळेल त्या गाडीनं बीडला, बीडहून एस.टी.नं सिरसाळ्याला गेली. गाठोडं तिनं कुठंही मांडीवरून खाली ठेवलं नाही.

संगीतानं तिला सरळ रानात नेलं. दिवस मावळला होता. काळी जमीन अंधारात मिसळत चालली होती, आणि चारी बाजूंना एकही दिवा दिसत नव्हता. भिवराबाईनं वाकून मातीचं ढेकूळ हातात चुरलं.

"हितून सडक किती लांब?" तिनं विचारलं.

"लई लांब हाय," संगीता म्हणाली. "पर दोन सालांनी नवा रस्ता हितूनच जाणार म्हणत्यात. मोजणीवाले येऊन गेले. मोठे खांब लावणार हायेत."

भिवराबाईनं गाठोडं तिच्या हातात दिलं.

"तवर दोन पिकं निघतील," ती म्हणाली. "पेर."